दर रविवारी सुरू होणारी गाडी

प्रिय अहो,

तुम्ही गेल्यापासून दर रविवारी मी तुमची मोटरसायकल सुरू करत आले. मेकॅनिक म्हणाला होता, "काकू, लाखभर किलोमीटर पळालेलं इंजिन आहे. बसून राहिलं तर जाम होईल."

पण आवाज ऐकला की आई भिंत धरत दारापर्यंत येतात. "आला का गं माझा लेक?" त्यांना विसर पडतो. मग तुमचं जाणं मी नव्याने सांगते, आणि त्या पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या कोसळतात.

काल गाडी मेकॅनिकला देऊन टाकली. "जपून चालव रे," एवढंच मी त्याला बोलले.

आज आईंनी विचारलं, "अजून नाही आला?"

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी मला खोटं बोलायला कधी शिकवलं नाही. तरी म्हटलं, "वाटेत आहेत, आई. तुम्ही जेवून घ्या."

तुमची,
मागच्या सीटवरची