लाल खडूची खूण आणि शेडची वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी जिचा अंगठा उठणार आहे ती बाई, वय सत्त्याहत्तर किंवा अठ्ठ्याहत्तर (नोंद ठेवणारे माझ्याआधीच गेले), धंदा चेनवर चालणाऱ्या मातीकामाच्या यंत्रांची खालची बाजू दुरुस्त करणे, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डावा कान गेला आहे, पण मृत्युपत्राला कान लागत नाही असे वकीलबाई म्हणतात. मला कोणी धमकावलेले नाही आणि कोणी गोड बोलून पाठही चोळलेली नाही. अक्षर येत नाही म्हणून मी बोलते आणि वकीलबाई लिहितात. माझ्या बोलण्याला फार इस्त्री करू नका, असे त्यांना बजावले आहे.

याआधी मी रागाच्या भरात तोंडी पुष्कळ मृत्युपत्रे केली. ती सगळी रद्द समजावीत.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि गच्चीचा जिना, हे मोठ्या मुलाला आणि सुनेला. सुनेने बावीस वर्षे माझी बोलणी ऐकून घेतली, त्यातली निम्मी तिच्यासाठी नव्हतीच. घराचे मागचे दार खाली घासते. मुलगा तीस टनी डोझरची चौकट सरळ करतो, पण ते दार काही त्याच्याने होत नाही. दारासकट घर त्याचे.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते मुलाच्या मुलीच्या शिक्षणाला. तिने काय शिकावे यात बापाने तोंड घालू नये.

कलम ३. हत्यारे शेडची, शेडबरोबर जातील. फक्त कानाची सळई वेगळी. तिचे एक टोक फिरत्या रोलरच्या खोबणीशी टेकवायचे, दुसरे कानामागच्या हाडाला. रोलर आतून खलास होत आला असेल तर सळई सांगते. ही सळई आमच्या शेडमधल्या वेल्डरला द्यायची होती, पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला यातून काही देता येत नाही असा कायदा आहे म्हणे. म्हणून आत्ताच त्याच्या हातात दिली. कायद्याला सांगा, उशीर झाला.

कलम ४. पलीकडच्या खडीच्या खाणीच्या मालकाला माझ्या भिंतीवर टांगलेले दातेरी चाक द्यावे. नवरा गेल्यावर महिन्याभरात मी शेड उघडली, तेव्हा हा गृहस्थ दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, बाईमाणसानं गळ्यातली चेन सांभाळावी, डोझरची नको." त्याच्या डोझरची चेन तो तबल्यासारखी ताणून ठेवी, रुबाबदार दिसते म्हणून. मी म्हटले, "भाऊ, वरच्या बाजूला चार बोटं झोळ ठेवा. ताठ चेन स्वतःलाही खाते आणि चाकालाही." तो हसला. आठ महिन्यांनी तेच चाक घेऊन आला, दाते सुयांसारखे झालेले. नवीन बसवून दिले आणि जुने ठेवून घेतले. तो हयात नसेल तर मुलाला द्यावे. तोही तसाच आहे.

कलम ५. वकीलबाई म्हणतात, "आजी, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, कबुली नाही." मी म्हटले, बाई, एकोणीस वर्षे कुलपात ठेवलेली ही एकच वस्तू माझ्याकडे आहे. लिहा.

धाकटी मुलगी यंत्रांचे शिकून आली. खिशात कायम पोलादी पट्टी, म्हणून भाऊ तिला फूटपट्टी म्हणे. तिने एका लहान डोझरची चौकट स्वतः आखली, आमच्या शेडमधले पहिले आपले स्वतःचे यंत्र. आखणी मला तेव्हाही समजली होती. चेनचे यंत्र म्हणजे दोन पाय आणि एक धड. पाय धडाला घट्ट जोडले की एका पायाखाली दगड आल्यावर सगळे धड पिळते आणि एक दिवस फाटते. म्हणून तिने दोन्ही पाय मागच्या बाजूला एका जाड दांड्यावर झुलते ठेवले. पुढे एक आडवी दांडी, तराजूसारखी, मधोमध पिनेवर टेकलेली. डावा पाय दगडावर चढला की दांडीचे डावे टोक वर, उजवे खाली, आणि धड बसते निवांत. दांडी हलावी म्हणून ती आणि धड यांच्यात दोन बोटांची फट सोडली होती.

आता माझी रीत. मला लिहिता येत नाही, म्हणून शेडमध्ये मी खडूने राज्य केले. पांढरी रेघ म्हणजे कापा. लाल गोल म्हणजे इथे वेल्डिंग भरा. गिऱ्हाइकासमोर मी नकाशा उलगडून मान डोलवत असे. रेघा मला खरोखर वाचता येत होत्या. अक्षरे येत नव्हती, आणि ते मी बाहेर कोणाला कळू दिले नव्हते.

चाचणीच्या दोन दिवस आधी मुलगी पिना घासून आणायला परगावी गेली होती. मी तिचा नकाशा पाहिला. त्या फटीभोवती लाल पेन्सिलीचा गोल होता आणि शेजारी काहीतरी लिहिलेले. मला वाटले, भरायचे राहून गेले. नातवंडाचे बटण लावावे तसे मी मायेने लोखंडावर लाल खडूचा गोल काढला. वेल्डर म्हणाला, "मावशी, इथं पण?" मी म्हटले, "तुला कधीपासून शंका यायला लागल्या?" त्याने भरले. ते इतके छान भरले की दांडी आणि धड एकजीव झाले. मुलगी आली ती थेट चाचणीच्या दिवशी, आणि पिना बसवायला शेडमधल्या पोरांच्या हाती दिल्या. यंत्राच्या पोटाखाली वाकून पाहायला तिला वेळच मिळाला नाही.

शेजारी काय लिहिले होते ते मागाहून वेल्डरने वाचून दाखवले : "येथे वेल्डिंग करू नये."

मुलगा चालवत होता. डावी चेन एका दगडावर चढली, उजवी हवेत लटकली, आणि पाटी फुटावी तसा आवाज होऊन धड दांडीपाशी फाटले. यंत्र एका बाजूला आदळले, मुलाचा गुडघा लोखंडाखाली सापडला. सगळे त्याला घेऊन दवाखान्यात धावले, मुलगीसुद्धा. मागे मी आणि वेल्डर. तो म्हणाला, "मावशी, ती फट हलायला ठेवली होती हो." मी म्हटले, "घास." त्याने ग्राइंडर लावून माझे वेल्डिंग काढून टाकले. मुलगी परतल्यावर मी सांगितले, चीर नीट दिसावी म्हणून साफ केले.

ती आठ दिवस त्या चौकटीशेजारी स्टुलावर बसून आपली गणिते तपासत होती. चूक सापडेना, कारण नव्हतीच. भाऊ दवाखान्यातून आला तो कुबडीवर. म्हणाला, "तुझ्या कागदानं माझा पाय खाल्ला. आता शेडमध्ये पाऊल टाकू नकोस." तिने पोलादी पट्टी बाकावर ठेवली आणि गेली. त्या वेळी मी चहा गाळत होते. एवढेच करत होते.

का बोलले नाही? बाईने चालवलेली शेड, त्यात बाई निरक्षर, आणि वर पोराचा पाय मोडला; तर उद्या दारात कोण यंत्र उभे करील? असे मी स्वतःला सांगितले. खरे म्हणजे मला लाज वाटली. आता ती कोणाच्या तरी कारखान्यात पाण्याच्या टाक्या आखते. मी एकदा विचारले, टाक्याच का? म्हणाली, "टाकी हलत नाही, आई."

चूक माझी होती, तिची नव्हती. हे ठळक लिहा.

कलम ६. शेड आणि खालची जमीन माझ्या कमाईची आहे. ती मुलगा आणि मुलगी यांना निम्मी-निम्मी. मुलगा आरडाओरडा करील, करू द्यावा. ताडपत्रीखालची ती फाटलेली चौकट आणि तिचे सगळे नकाशे मात्र एकट्या मुलीचे.

कलम ७. हा कागद मी मेल्यावर उघडू नये. आजच, अंगठ्याच्या आधी, मुलाने माझ्यासमोर वाचावा. मेल्या माणसावर चिडून काही उपयोग नसतो, मी करून पाहिले आहे.

*लिहिणाऱ्या वकिलाची नोंद :* कलम ७ प्रमाणे मोठ्या मुलाला शेडमधून बोलावून मजकूर दिला. त्यांनी उभ्यानेच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कलम ५ मध्ये त्यांचा आवाज थांबला आणि ते मनात वाचू लागले. आजी म्हणाल्या, "मोठ्यानं. मनातलं मला वाचता येत नाही." त्यांनी ते कलम पहिल्यापासून पुन्हा मोठ्याने वाचले. मग वेल्डरकडे वळले.

"काका, खरं?"

"खरं."

"एकोणीस वर्षं रोज माझ्याबरोबर जेवतोस."

"घास उतरायचा नाही रे."

"दोन-दोन वेळा वाढून घेत होतास." मग आईकडे न पाहता म्हणाले, "तुझ्याशी मी नंतर बोलणार आहे."

"माझ्याकडे फार नंतर शिल्लक नाही. काय ते आत्ताच बोल."

ते गुडघा सरळ ठेवून खुर्चीत बसले. मग त्यांनी कागदावर बोट ठेवले. "कलम सहा चुकलंय."

"निम्मी शेड सलते ना?"

"शेडचं नाही. चौकट तिला दिलीस. ती उचलून नेईल कुठंतरी. चौकट इथून हलणार नाही. जोडायची असेल तर तिनं इथं येऊन जोडावी."

"आणि जोडल्यावर चालवून कोण बघणार? तुझा तर पाय असा."

"दुसरं कोण आहे?" ते म्हणाले. "ती सांगेल तिथंच भरायचं. आणि तू खडूला हात लावायचा नाही."

आजी म्हणाल्या, "लिहा, बाई. लवकर लिहा, मत बदलायच्या आत."

कलम ६ ला जोड : सदर चौकट शेडबाहेर नेऊ नये. ती मुलीने शेडमध्येच जोडावी. पहिली चाचणी मोठा मुलगा घेईल.

वरील सर्व मजकूर, जोडीसह, मला पुन्हा वाचून दाखवला. तो माझ्याच बोलण्याप्रमाणे आहे, दोन ठिकाणी जरा जास्त सभ्य आहे. मान्य.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, करून देणारी

साक्षीदार १ : वेल्डर, या शेडमध्ये चौतीस वर्षे (सही)
साक्षीदार २ : समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर, करून देणारी शुद्धीवर असल्याची खात्री केली, तपासताना बोलणी खाल्ली (सही)
लिहिणार : वकील (सही)

ठिकाण : शेडमधली पत्र्याची खोली
दिनांक : १९ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी साडेअकरा