कागदी बाह्यांचा तारा

टीचर, यंदा आमच्या घरावर तारा लागला! हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना, म्हणून शिलाईमशीनवरचं कापड बाजूला सारून कागद घेऊन बसले आहे. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली. आज असतात तरी हे तुम्हाला वाचता आलं नसतं, कारण तुमचं सगळं कन्नडमध्ये आणि मी लिहिते आहे मराठीत. पण मला मराठी वाचता यायला लागलं ते तुमच्याच घरात, तेव्हा निमूट ऐकून घ्या.

तुमच्या शिवणवर्गाची ती पुढची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. खिडकीशी दोन मशीनं, भिंतीला मोठं टेबल आणि त्याच्या वर खिळ्याला टांगलेले कागदी साचे. खाकी कागद महाग पडायचा म्हणून तुम्ही रद्दीवर भागवायचात, आणि ती रद्दी माझे वडील आणून द्यायचे. ते ज्या मराठी वकिलांकडे कामाला होते, त्यांच्याकडे पुण्याची साप्ताहिकं येत. आमच्या घरी मराठी फक्त बोलायची, तीही अर्धी कन्नडात बुडवून. शाळा कन्नड. हिंदीच्या तासामुळे अक्षरं तेवढी ओळखीची. त्यामुळे आईच्या तोंडचे शब्द मी छापलेले पाहिले ते पहिल्यांदा तुमच्या बाह्यांवर आणि कॉलरांवर. गोष्ट रंगात यायची आणि मध्येच काखेचा काप यायचा. एक नवरी मांडवात उभी राहिली, हातातली माळ तिनं वर उचलली, आणि तिथेच गळ्याची गोलाई आली. पुढचा भाग कुणाच्या पाठीत गेला असेल, म्हणून मी सगळे साचे पालथे घातले होते.

त्याच पायी मी ती निळी बाही वाया घालवली. अक्षरं सरळ दिसावीत म्हणून साचा आडवा ठेवला आणि उभ्या धाग्याचं कापड आडवं कापलं. तुम्ही बाही उचलून उजेडात धरलीत. ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, "पुट्टी, तुला वाचता येतं, कापडाला येत नाही." पोरी हसून हसून लोळल्या. मी मात्र संध्याकाळी रडत घरी निघाले, तेव्हा तुम्ही झिजलेल्या साच्यांची एक गुंडाळी माझ्या काखेत खुपसलीत. "हे आता कापायच्या कामाचे नाहीत. घरी नेऊन वाच आणि उद्यापासून इथे फक्त काप."

आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही. दिवाळीला कढई चढत नाही, फराळ नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणून द्यायचा. त्या दिवाळीला प्रत्येकाला वाटलं असावं की दुसरं कुणीतरी नेईल. लक्ष्मीपूजनाची दुपार झाली तरी आमच्या दारात कुणी नाही. धाकटा भाऊ उंबऱ्यावर बसून गल्लीतल्या तळणाचा वास घेतोय, आई पाठ करून निजली आहे, आणि तुम्ही येता. भरतकामाच्या रुमालाखाली ताट. त्यात चकल्या, पण एकीचाही वेढा दुसऱ्या वेढ्याला चिकटलेला नाही. आई उठून बसली, ताटाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "टीचर, चकली करायला बसलात आणि कोडबळी झाली की हो!" वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली होती. तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडे तेल चढायचं नाही ना? माझ्याकडे चढलं. तोंडात घाल आणि गप्प बस." तुमचेही यजमान नव्हते, तुमच्याकडेही काही तेल सांडून जात नव्हतं. ते मला फार उशिरा कळलं.

आता यंदाचं सांगते. माझे हे ज्येष्ठात गेले. दिवाळीला आमची कढई चढली नाही. ओसरीवरच्या ज्या हुकाला हे दर वर्षी आकाशकंदील लावायचे, तो हुक रिकामाच राहिला. माझी सून तुमच्यातली आहे, टीचर. हासनची, ख्रिस्ती, कन्नड बोलणारी, दवाखान्यात नर्स. गेल्या वर्षी लग्न झालं आणि पहिला नाताळ तिनं माहेरी केला. यंदाही जाणार होती, पण तिची सगळी रजा ह्यांच्या उशाशी बसण्यात संपली. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मेटगळ्ळीच्या कारखान्यात मुलाचा ओव्हरटाइम बंद झालाय, औषधपाण्यानं हात आखडलाय, हे तिलाही दिसतं. फक्त बसमधून उतरून घरी येताना दुकानांत टांगलेले तारे बघत ती हळू चालायची. मी भाजी घेऊन मागून येत असायची, म्हणून मला कळलं. मी म्हटलं, आपण घरीच क्रिसमस करू. तर म्हणाली, "बेड, नको अत्ते, सुम्ने उगाच कशाला? यंदा नको."

आणि नेमक्या तेव्हाच बन्नूरहून आमच्या वन्सं आलेल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण, रीतभात त्यांच्या जिभेवर. त्या म्हणाल्या, "अगं, माझा भाऊ जाऊन वर्ष नाही झालं. ह्या घरात सण नाही म्हणजे नाही. का ती ह्या घरची नाही?"

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं पाणी थांबलं. सून ऐकत होती. मी काय म्हणणार, टीचर? तिचा सण वेगळा, तिला करू दे, असं म्हटलं की मीच तिला उंबऱ्याबाहेर उभं केलं. आमच्या घरची म्हटलं की तिचा सण गेला. मी म्हटलं, "आमच्याच घरची आहे." "मग झालं तर," वन्सं म्हणाल्या आणि संध्याकाळच्या बसनं गेल्या. भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला, पण अगदी हळू.

दोन दिवस मला काही सुचेना. तिसऱ्या दिवशी बटणं लावता लावता तुमचं ते ताट डोळ्यांपुढे आलं आणि मी हातातली सुई तशीच टोचून फोन लावला. "वन्सं, तुमचंच बरोबर. आमची कढई चढणार नाही. पण मग सुनेच्या सणाचा फराळ कुणी आणायचा?"

पलीकडे पंखा बंद झाला. मग, "म्हणजे काय?"

"म्हणजे दिवाळीला तुम्ही आणलात, तसाच. घरची आहे ना ती? तिचं माहेर लांब."

"अय्यो, त्यांच्यात काय तळतात ते मला काय ठाऊक!"

"करंज्या तळतात. आणि शंकरपाळ्यांची एक चुलत बहीण असते, कुळकुळ म्हणून. काट्यावर दाबून वळायची."

"करंज्या? त्यांच्यात?"

"त्यांच्यात."

"साकु, पुरे. ठेव फोन." आणि त्यांनीच ठेवला. येणार की नाही, देवाला ठाऊक.

पण मला जे वारं लागलं ते लागलंच! दुकानातल्या ताऱ्याची किंमत विचारून मी हसत परत आले. बुरुडांच्या गल्लीतून बांबूच्या पट्ट्या आणल्या, मैद्याची खळ शिजवली आणि ट्रंकेतून तुमची गुंडाळी काढली. कागद पिवळे पडलेत पण तुटलेले नाहीत. सून ड्युटीवरून आली तेव्हा मी जमिनीवर पाय पसरून बसलेली, चेहऱ्याला खळ. "अत्ते, एनु इदु? हे काय?" मी म्हटलं, "नंतर विचार. आधी बाहीचा कोपरा धर." तिनं चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. पाच कोनांना पाच बाह्या, मध्ये कॉलरी आणि गळे. मुलानं होल्डर आणि वायर आणली, स्टुलावर उभा राहून वडिलांच्या हुकाला तारा अडकवला आणि बटण दाबलं. टीचर, सगळी अक्षरं पेटली! गल्लीतले लोक थांबून बघायला लागले. सून मान वर करून म्हणाली, "काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. नवरी मांडवात उभी राहिली, माळ उचलली. "मग?" "मग गळा." ती ओसरीच्या पायरीवर बसून हसत सुटली. तिचं हसू मी ज्येष्ठानंतर ऐकलंच नव्हतं.

केकचं पीठ मी, तुम्ही दर नाताळला न्यायचात तसंच, पत्र्याच्या डब्यात घालून कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीत नेलं. मालकांनी डब्याला नाक लावलं. "अंडं नाही ना ह्यात, अम्मा?" मी म्हटलं, दह्यातला आहे, हवं तर चाखा. ब्रेडचा घाणा निघाल्यावर त्यांनी तो भट्टीत ठेवला आणि केक वर आला तेव्हा माझ्याआधी तेच ओरडले.

नाताळच्या सकाळी मुलगा आणि सून चर्चहून आले. मी तिला जुन्या साडीच्या काठाचा ब्लाउज शिवला होता, तो घालून ती पेढ्यासारखी दिसत होती. केक होता, भात होता, कोंबडीचं सारू होतं. पण प्रत्येक बसच्या आवाजाला माझे कान फाटकाकडे. बारा वाजले, बारा वाजून गेले. सून म्हणाली, "अत्ते, जेवूया ना." पानं मांडली आणि फाटक वाजलं.

वन्सं. मांडीवर धरून आणलेला मोठा डबा, घामानं कपाळ भिजलेलं. वर ताऱ्याकडे एकदा बघितलं. सरळ सुनेपुढे जाऊन डबा तिच्या हातात दिला. "घे. करंज्या चांगल्या झाल्यात. ते दुसरं कायसं काट्यावर वळवळ करतं, ते अर्धं तेलात सुटलं. हसलीस तर परत नेईन." सुनेनं झाकण उघडलं, एक मोडकं कुळकुळ तोंडात टाकलं आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मग हसली. वन्संनी डबा परत नेला नाही.

हा कागद टपालात टाकायला तुमचा पत्ता कुठला आणू, टीचर? मशीनच्या खणात बॉबिनांखाली राहील. संक्रांत होऊन गेली तरी तारा अजून वरच आहे. वन्संनी फोनवर विचारलं, उतरवला का? मी सांगितलं, गल्लीतला दिवा बंद आहे, उजेडाला बरा पडतो, आणि पोराला काढायला वेळ नाही. गल्लीतला दिवा मागच्याच आठवड्यात लागला. आणि स्टुलावर चढलं की त्या हुकाला माझासुद्धा हात पोचतो.