कार्ड माझ्या खिशात, तरी पैसे कमी

८ डिसेंबर
आईच्या पेन्शनचं एटीएम कार्ड आठवडाभर माझ्याच खिशात. दुसऱ्या कुणाचा हातही लागलेला नाही. तरी आज खात्यातले पैसे पुन्हा कमी. इच्छापोरच्या कंपनी बसची वाट बघताना स्टॉपशेजारच्या मशीनवर पाहिलं. मशीन खोटं बोलत असेल म्हणून परत पाहिलं.
म्हणजे निमानं घेतले नव्हते.
दिवसभर स्टोअरमध्ये बेअरिंगच्या पेट्या मोजल्या. एकदाही आकडा जुळला नाही.

९ डिसेंबर
कार्ड मागून घेतलं तो रविवार डोक्यातून जात नाही. निमा, म्हणजे सुनीलची बायको, भाकरी थापत होती. सुनील माझा धाकटा भाऊ. आमच्यात जेठ, म्हणजे थोरला दीर, आणि धाकटी भावजई तोंडातोंडी बोलत नाहीत. लग्न होऊन ती घरात आली त्याला चौदा वर्षं झाली, एक शब्द नाही. सांगायचं ते आईला किंवा त्यांच्या पोरीला, पिंकीला, सांगायचं, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. तसंच मी आईला म्हणालो, "आई, ते कार्ड आते मनाजोडे राहू दे. घरमा गळती शे."
नाव घेतलं नाही. एवढाच काय तो माझा मोठेपणा.
तिनं तवा उतरवला, डबीतलं कार्ड आणून आईपुढं ठेवलं आणि पुन्हा भाकरी थापायला बसली. दर महिन्याला आईचं पेन्शन तीच काढून आणायची, औषधंही तीच. त्याच आठवड्यात सुनीलनं कामरेजला खोली घेतली. लिंबायतच्या या घरात आई, माझी बायको मंगल आणि मी उरलो.
आधी सरळ विचारलं असतं तर? पण विचारायचं कसं, बोलायचंच नाही तर. आणि माझी वीस वर्षं स्टोअरमध्ये गेलेली. माल कमी भरला की आधी माणूस शोधायचा, ही खोड.

११ डिसेंबर
अर्धा दिवस रजा टाकून बँकेत. काउंटरवरची बाई म्हणाली, किमान शिल्लक नव्हती, दंड लागलाय. म्हटलं, पेन्शनचं खातं आहे, त्याला किमान शिल्लक लागत नाही. "सिस्टीमने काटा है, काका." म्हटलं, बोलवा त्या सिस्टीमला बाहेर. रांगेतले हसले.
निघालं असं की बाबा गेल्यावर कागद बदलताना यांनीच खातं भलत्या प्रकारात टाकलं. तेव्हापासून दंड. दंडाचे मेसेज बाबांच्या नंबरवर जात होते. तो नंबर कधीच बंद झालाय.
तिथंच बसून तक्रार अर्ज लिहिला. पोच म्हणून शिक्का मिळेपर्यंत हललो नाही.

१२ डिसेंबर
काल बँकेतून निघताना मला आनंद झाला होता. चोर सापडल्याचा. बँक चोर निघाली म्हणजे मी सुटलो, असं काहीतरी. लाज वाटली पाहिजे.
मंगलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आधी कामरेजला जा. म्हटलं, पैसे परत येऊ दे, पुरावा घेऊनच जाईन.
"माफी मांगाले पुरावा कसाले लागस?"
बायको आहे, उत्तर देणं भाग नाही. दिलं नाही.

२१ डिसेंबर
आईसाठी पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, आणला. तिला आवडतो. दोन दाणे तोंडात टाकले नि वाटी सरकवली. "माले निमाकडे जानं शे." रोज एकच.
जाऊ म्हटलं. कधी ते म्हटलं नाही.

५ जानेवारी
बँकेत तिसरी खेप. मॅनेजर टोलवत होता. म्हटलं, महिनाभरात उत्तर नाही आलं तर बँकांच्या लोकपालाकडं जाणार. मग खुर्ची दिली. दंड कापला ती चूक आमची, परत करू म्हणाला. मी छाती काढून बसलो.
तेवढ्यात ती काउंटरवरची बाई खात्याचा उतारा घेऊन आली. दंडाच्या ओळी थोड्याच. मधे सगळ्या बारीक बारीक कपाती. ह्या कसल्या?
"काका, बॅलेन्स जोवाना पण पैसा कपाय छे."
मशीन दुसऱ्या बँकेचं. शिल्लक बघायलाही महिन्यात थोड्या वेळाच फुकट, मग दर वेळी कपात. आणि सगळं बघणं एकाच मशीनवर. आमच्या बसस्टॉपच्या. दिवाळीपासून. कधी एक दिवसाआड, कधी रोज.
"एवढ्या वेळा कोण बघतं?" तिनं विचारलं.
माहीत नाही म्हणालो.

६ जानेवारी
कामावर गेलो नाही. अंग दुखतंय असं सांगितलं.
पहिला दंड बँकेचा, ते खरं. तो पाहून मला निमाचा संशय आला. मग सकाळी कोणी उठायच्या आत डबीतून कार्ड काढायचं, स्टॉपवर पैसे बघायचे, संध्याकाळी गुपचूप परत ठेवायचं. बघितलं की कमी. कमी झाले की आणखी बघायचं. मी चोरावर पाळत ठेवत होतो आणि माझ्या पाळतीनंच आईचे पैसे

लिहवत नाही.

१४ जानेवारी
उत्तरायण. गल्लीतले सगळे पतंग घेऊन गच्चीवर. मी खाली आईजवळ.
सुनीलचा फोन आला. महिन्याभरात पहिला. मंगलकडून कळलं होतं त्याला बँकेचं. "नाना, मंग बँकनीच खादा ना पैसा सगळा?"
हो म्हणालो. सगळा म्हणालो.

२८ जानेवारी
दंड परत जमा. खातंही दुरुस्त केलं. शिल्लक बघण्याचे पैसे मिळणार नाहीत, तो वापर कार्डवाल्याचा. बरोबरच आहे, भांडायला तोंड नव्हतं.
तेवढी रक्कम माझ्या पगारातून आईच्या खात्यात भरली. म्हणजे कुणी पाहिलं तर सगळं बँकेनं दिलं असं दिसावं. मंगललाही बोललो नाही. एक झाकायला दुसरं.

२९ जानेवारी
सुनील फोनवर: "नाना, तुम्ही तं बँकले पानी पाजं! निमा बी म्हने, नानांनी करी दखाडं." परत राहायला यायचं चाललंय म्हणे त्यांचं.
आई आज पोटभर जेवली. शेजारपाजारी माझं कौतुक सांगून आली.
मी अर्ध्या ताटावरून उठलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१ फेब्रुवारी
ती कौतुक करत या घरात परत आली तर मी जन्मभर तिच्या हातची भाकरी कुठल्या तोंडानं खाणार? कामरेजला गेलो.
सुनील कामावर, पिंकी शिकवणीला. घरात फक्त निमा, ओट्याशी, डोक्यावर पदर, पाठ माझ्याकडं. मधे सांगायला कुणीच नाही. परत फिरणार होतो.
उभ्या उभ्या भिंतीकडं बघून बोललो. बँकेनं सगळे नाही घेतले. बाकीचे माझ्यामुळं गेले. तुझ्या पाठीमागं मी रोज कार्ड घेऊन मशीनवर जायचो.
मग तिचा आवाज. सरळ मला.
"माले मालूम व्हतं. पिंकीले शाळामा सोडाले जाऊ, तवय मशीनवर दखेल व्हतं तुमले."
तिनं ओटा पुसायला घेतला.
"माले वाटनं, तुमले पैसानी गरज व्हई. आईले कसाले सांगू? म्हनीसन काही बोलनू नही."
म्हणजे तिला वाटत होतं, आईचे पैसे मी काढतोय. आणि मी गळती म्हणालो तेव्हा, मला सांभाळून घ्यायला, तिनं ते स्वतःवर घेतलं. घर सोडून गेली, पण नवऱ्यालाही बोलली नाही.
"मंग पैसा काढा नहीत तुम्ही?"
नाही म्हणालो. नुसता बघत होतो.
"माले तपासाले?"
हो म्हणालो.
तिनं पदर आणखी पुढं ओढला. पैसे घेतले असते तर तिनं पोटात घातलं असतं, घातलंच होतं. हे घालेल का, ठाऊक नाही. तोंड दिसत नव्हतं. चहा झाला नाही. थोडा वेळ थांबून निघालो.
घरी आई दारातच बसलेली. "काय म्हने निमा? कधी येस?"
हातपाय धुऊन येतो म्हणालो. मोरीतून निघालो तेव्हापासून इथं लिहीत बसलोय, आई बाहेर वाट बघतेय.