खिंडाराच्या सावलीत जेवू नका

प्रिय लेकी आयसानेम,

तुमच्या कंपनीने सारीतेपे किल्ल्याच्या फेरीचा दर पत्रकावर छापलाय, तो मी चष्मा लावून दोनदा वाचला. दर खोटा आहे. खरी किंमत मी सांगतो: माणशी तीन लिटर पाणी, वर प्रत्येकी अर्धा लिटर, कारण एकजण हमखास बाटली गाडीत विसरतो, ओठांवरची एक साल, चढाची दोनशे चौदा पावलं, त्यातली शेवटची चाळीस देवाला आणि वाटाड्याला सारख्याच शिव्या देत, आणि वाटाड्याचे दोन गुडघे. एकतीस वर्षांत माझे दोन्ही त्या चढाने घेतले. आता फेरी तुझी, गुडघेही तुझे.

येत्या रविवारी तुझा पहिला गट, चौदा माणसांचा. तू टॅक्सीवाल्याबरोबर धाडलेला कार्यक्रम मिळाला. सगळं ठीक आहे, एक ओळ सोडून: ‘दुपारी साडेबारा, ऐतिहासिक खिंडाराच्या सावलीत जेवण.’ कागदावर किती गार वाटतं! पण पोरी, तिथे जेवण ठेवू नकोस. कुणाला तिथे टेकूही देऊ नकोस. कारण लिहितोच आहे, मात्र वाटेत फाटे फोडीन, माझी सवय तुला ठाऊक आहे. फोनवर सांगता आलं असतं. पण तू विचारलं असतंस, ‘का हो आके?’ आणि मी काहीतरी विनोद केला असता, तू हसली असतीस, आणि रविवार उजाडला असता.

आधी सोप्या गोष्टी. नुकूसहून पहाटे पाचला नीघ. साहेब लोक कुरकुरतील, ‘सुट्टीवर आलोय की सैन्यात?’ म्हणतील. म्हणू देत. अकराला तेच म्हणतात की बाई शहाणी होती. उघड्या चपला घालून कुणी आलं तर गाडीतच बसव. जंताकच्या झुडपाचा काटा जाड तळव्यालाही सोडत नाही. थंड पाणी घटाघटा पिऊ देऊ नकोस, गरम हिरवा चहा दे. पहिल्यांदा तोंड वाकडं करतात, दुसऱ्यांदा पेला स्वतःहून पुढे करतात. टोमॅटोवर मीठ भरपूर टाक. टरबूज अगदी शेवटी काप, नाहीतर चिकट हातांवर गांधीलमाश्या येतात आणि मग किल्ला कुणी बघत नाही. माणसं गाडीपाशी मोजू नकोस, दर बुरुजाशी मोज. कुणी खापराचा तुकडा खिशात घालताना दिसला तर ओरडू नकोस. जवळ जाऊन म्हण, ‘हा तुकडा दोन हजार वर्षं इथेच आहे, त्याला परक्या गावी करमायचं नाही.’ निम्मे लोक परत ठेवतात. उरलेल्या निम्म्यांना चढावर पाठीमागे ठेव, धापा टाकताना खिसे आपोआप जड होतात.

दर गटात एक मास्तर असतो, सगळं वाचून आलेला. त्याच्याशी भांडू नकोस. दुसऱ्या बुरुजापाशी त्यालाच विचार, ‘तुमच्या मते इथे धान्य ठेवत असतील की शस्त्रं?’ दुपारपर्यंत तो तुझा भक्त होतो. आणि डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास ठेव. मी शाळा आठवीत सोडली. रशियन भाषा उत्खननवाल्यांचं पाणी वाहता वाहता शिकलो, इंग्रजी त्यांच्या पाहुण्यांच्या भांडणांतून, जर्मन एका म्हाताऱ्या जोडप्यामुळे, जे दर वसंतात येऊन नकाशावरून एकमेकांना ‘तुला काही कळत नाही’ म्हणायचं. पाऊल फरफटायला लागलं की तो माणूस शंभर पावलांत बसणार. बडबड्या गप्प झाला की त्याला ऊन लागलंय. आणि वारा नसताना भिंतीतून बारीक माती सरसरत खाली आली, तर बोलणं अर्ध्यात तोड आणि माणसं हलव. कुणाला कारण सांगत बसू नकोस. आधी हलव.

आता खिंडार. लहानपणापासून तू माझी गोष्ट ऐकत आलीस. दक्षिणेच्या भिंतीला पडलेलं ते पंधरा हात रुंद भगदाड, शत्रूच्या वीस हजार घोडेस्वारांनी सात दिवस सात रात्री धडका मारून पाडलेलं. मी मुद्दाम लोकांना वीस पावलांवर उभं करतो, टोपी काढतो, आवाज खाली आणतो. फोटो सगळ्यात जास्त तिथेच निघतात. तुमच्या पत्रकात छापलेल्या चार ओळी माझ्याच आहेत. खरं तर सुरुवातीला घोडेस्वार दहाच हजार होते. एका फ्रेंच बाईंनी विचारलं होतं, ‘ही भिंत कुणी हो फोडली?’ माझा पहिला गट, आणि तोंडातून लष्कर बाहेर पडलं. त्या ‘अरेरे’ म्हणाल्या. त्या एका ‘अरेरे’वर मी एकतीस वर्षं काढली आणि दरवर्षी घोडे वाढवत गेलो. फक्त एकदा, उत्खननवाले म्हातारे मुख्य साहेब मागे उभे राहून ऐकत होते. गट पुढे गेल्यावर त्यांनी भिंतीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘कल्लिबेक, तुझ्या या घोडेस्वारांकडे फावडी होती वाटतं?’ मी हसलो. ते हसले नाहीत. त्यावर पुन्हा कधी बोललेही नाहीत.

आमच्या लहानपणी सारीतेपे म्हणजे किल्ला नव्हता, खत होतं. तुमच्या पिढीला खरं वाटणार नाही. शेतं मिठाने पांढरी पडायची, कापूस उगवायचा नाही, आणि जुन्या भिंतींची माती घातली की उगवायचा. म्हणून दर वसंतात सगळं गाव गाढवगाड्या घेऊन इथे यायचं. कुणाला पाप वाटत नव्हतं. मेलेल्यांचं घर जिवंतांच्या पोटाला लागतंय, यात वाईट काय, असं माझे वडील म्हणायचे. त्यांचा एकच नियम होता: भिंत वरून खणायची. माथ्यावर चढायचं, वरची वीट आधी काढायची, टोपलीने खाली आणायची. काम दुप्पट, पण भिंत वैर धरत नाही.

त्या वर्षी वडील अंथरुणावर होते. आमच्या घरच्या वाट्याची माती मी आणि माझा थोरला भाऊ ओरिनबाय आणत होतो. तू त्याचा फोटो पाहिला आहेस, टोपी तिरकी घातलेला. तो बावीसचा, मी सोळाचा. त्याचं लग्न ठरलं होतं आणि खणायला लागल्यापासून अकराव्या दिवशी संध्याकाळी त्याला मुलीच्या गावी जायचं होतं, म्हणून तो सारखी सावली बघत होता. मी म्हटलं, ‘वर चढ-उतर करून म्हातारा होशील आणि नवरी दुसऱ्याची होईल. खालून पोटात खण, भिंत आपणहून खाली बसेल.’ तो म्हणाला, ‘बाबांना कळलं तर?’ मी म्हटलं, ‘बाबांना भिंत सांगणार आहे का?’ तो हसला. म्हणाला, ‘चल, आज तुझ्या अकलेला मान देतो.’ आणि वाकून आत शिरला.

मी बाहेर गाडी भरत होतो. वारा अजिबात नव्हता. मला सरसर ऐकू आली. आयसानेम, माझे कान तेव्हाही असेच तिखट होते. त्यालाही ऐकू आली असावी, कारण आतून त्याने विचारलं, ‘कसला आवाज रे तो?’ मी फावडंसुद्धा खाली ठेवलं नाही. म्हटलं, ‘सरडा असेल.’

गावकऱ्यांनी तासाभरात त्याला बाहेर काढला. आईने मला एकच विचारलं, ‘खालून कोणी खणायला घेतलं?’ मी म्हटलं, ‘त्यानेच. मी नको म्हणत होतो.’ तुझी आजी त्यानंतर बावीस वर्षं जगली. दर ईदला कबरीपाशी बसून ती मेलेल्या लेकाला रागवायची, ‘बाबांनी इतकं सांगितलं होतं, मूर्खा, पोटातून कोण खणतं?’ मी शेजारी बसून तिच्यासाठी पाणी ओतायचो. तिच्या शेवटच्या दुखण्यात चार महिने उशाशी होतो. सांगायला वेळ भरपूर होता. मी तिला गटांच्या गमती सांगितल्या.

आता हे पत्र का, ते तुला कळलं असेल. मी लोकांना वीस पावलांवर उभं करायचो ते टोपी काढण्यासाठी नव्हे. खिंडाराची डावी कड आम्ही जिथवर पोखरली होती तिथवर आजही पोकळ आहे; गेल्या वसंतात मी एकटा गेलो होतो, वारा नव्हता आणि सरसर चालू होती. बरोबर तिथेच दुपारची सावली पडते. तुझी चौदा माणसं तिथे भिंतीला पाठ लावून बसतील आणि कुणीतरी तुला विचारेल, कसला आवाज आहे हा. म्हणून जेवण गाडीच्या आडोशाला, ताडपत्री बांधून दे. चालक कुरकुरेल, त्याला टरबुजाची मोठी फोड दे. कंपनीला हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव, माझी हरकत नाही. चार ओळी त्यांना खोडाव्या लागतील. कबरीवर तुझ्या काकाला जे ऐकवलं गेलं, ते या ईदला मी स्वतः जाऊन मागे घेईन. तू बरोबर आलीस तर चढ-उताराला हाताचा आधार होईल. आणि रविवारी खिंडारापाशी कुणी विचारलंच, ही भिंत कुणी हो फोडली, तर त्यांना खरं सांग. घोडेस्वार एकही नव्हता. दोन फावडी होती, एक गाढव होतं, आणि अकरा दिवस लागले.

तुझाच,
आके