न विचारता घातलेलं नाव

बाबा,

१. जुलैत काकांनी मला दुकानासाठी सोशल मीडियाचा प्लॅन करायला सांगितलं. मी दिवाळीपर्यंतचा केला.
२. प्लॅनप्रमाणे नीट चाललं होतं.
३. गुरुवारी काकांनी भिंतीवरच्या तुमच्या फोटोचा हार काढला, फोटोचा फोटो घेतला, हार परत घातला.
४. तो फोटो त्यांनी एका ॲपमध्ये टाकला. आता तुमचे ओठ हलतात आणि तुम्ही म्हणता, "आइए, दिवाली पर नाम मुफ़्त लिखवाइए।"
५. मला विचारलं नाही. तुम्हालाही नाही.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणून सांगते. रायपूरच्या गोल बाजारातलं आपलं भांड्यांचं दुकान अजून आहे, पण लोक लग्नाची भांडीसुद्धा आता फोनवर बघून मागवतात. आपलं गिऱ्हाईक नक्की कोण, हे मी काकांना विचारलं. त्यांना सांगता आलं नाही. मग दोन रविवार गल्ल्याशेजारी बसून मी आलेल्या प्रत्येकाला विचारलं. बहुतेक जण भांड्यावर नाव घालून घ्यायला आलेले: मुलीच्या लग्नाचं गंज-पातेलं, नातवाची वाटी. प्लॅन तिथेच ठरला. सवलतींचा आरडाओरडा नको. आमच्याकडे नाव घातलेलं जुनं भांडं तुमच्या घरात असेल तर फोटो पाठवा, एवढंच म्हणायचं. आठवड्याला तीन पोस्ट. समता कॉलनीतून एका बाईंनी पितळी डबा पाठवला, गुढियारीतून एका निवृत्त रेल्वेवाल्यांनी तांब्या. दोन्हींवर तुमचंच अक्षर, छिन्नीच्या ठिपक्याठिपक्यांचं, शेवटचा ठिपका जरा खोल.

मी चौथीत होते तेव्हाचं आठवतं. चिठ्ठीवरचं नाव ओलं होऊन अर्धं पुसलंय, गिऱ्हाईक बाजारात पुढे गेलंय, आणि मी उरलेलं नाव अंदाजाने जुळवून तुम्हाला वाचून दाखवते. तुम्ही हातोडी खाली ठेवता. "विचारलं का त्यांना?" मी म्हणते, कळतंय की. "कळते म्हणून घालत नसतात, पोट्टे. भांड्यावरचं नाव पुसता येत नाही." भर उन्हात तुम्ही मला त्या बाईंना शोधायला पाठवलंत. त्या नाव सांगून हसल्या. माझा अंदाज चुकला होता.

म्हणून शुक्रवारी मी काकांना म्हटलं, तो व्हिडिओ दुकानाच्या पेजवरून काढून टाका.

"काहून? सगळ्यात जास्त लोकं हेच पाहून राहिले."

"आवाज बाबांचा नाही. ते कोणाला 'आइए' म्हणत नव्हते. मान वर करून बघायचे, बस."

"अगं, दादा असता तर हव म्हटलं असतं त्यानं."

"विचारलं होतं का?"

"मेलेल्या माणसाले कसं विचारू? आणि तुह्या प्लॅनमध्ये पहिल्याच ओळीत काय हाय? 'दादांच्या हातची नावं.' मोठ्या अक्षरात. तुले कोणी परवानगी देल्ली होती, मॅडम?"

माझा राग काकांवर आहे, त्या ॲपवर आहे, आणि या एका प्रश्नावर सगळ्यात जास्त आहे. तुमच्यावरही आहे. न विचारता नाव घालायचं नाही हे शिकवलंत, विचारायला मात्र कोणाला मागे ठेवलं नाहीत.

पाहणाऱ्यांचा आकडा खरा आहे. चार दिवसांत दुकानात जेवढी माणसं आली, तेवढी माझ्या तीन महिन्यांत आली नव्हती. ही दिवाळी चांगली गेली नाही तर गाळा सोडावा लागेल, हेही खरं. सोमवारी साडेदहाला काका पैसे भरून हाच व्हिडिओ सगळ्या रायपूरला दाखवणार आहेत. पासवर्ड माझ्याकडे आहे. काढायला एक मिनिट लागेल. अजून काढलेला नाही.

हे प्लॅनच्या फाइलच्या शेवटच्या पानावर लिहिते आहे. ही फाइल काकांना जाईल, हे पान जाणार नाही. एक नोंद राहिली: पाहणाऱ्यांच्या त्या आकड्यात एकोणीस वेळा मी आहे. आवाज बंद करून.

तर विचारते. व्हिडिओ राहू द्यायचा का, आणि माझी पहिली ओळ राहू द्यायची का? सोमवारी सकाळी दहापर्यंत कळवा.