डबा साताऱ्यात, कॅसेट आष्ट्यात

सातारा,
मंगळवार, दुपार

चि. सौ. बनुबाई हिला साताऱ्याच्या आक्काचे आशीर्वाद. तू आता आजी झालीस म्हणून त्यातले निम्मे नातवाला.

इकडं सगळं बरं आहे, म्हणजे माझे गुडघे आणि यांचा स्वभाव सोडून. तुझी साखर कितीवर आहे? ज्योतिबा भावजींचा खोकला गेला का? दारातला शेवगा अजून शेजाऱ्यांच्याच अंगणात शेंगा टाकतो का? (हे विचारायला फोन आहे की, असं तू म्हणशील. अगं, फोन हे लावून देतात, तिकडं भावजी उचलतात, आणि मग दोघं भाऊ कानाला फोन लावून एकमेकांचा श्वास ऐकत बसतात. परवा असं सव्वा मिनिट चाललं. मग भावजींनी ठेवला. हे म्हणाले, "लाइन खराब आहे.")

म्हणून हे पत्र. मी सांगते आणि हे लिहितात. मला अक्षर येत नाही, तू सातवी पास, त्यामुळं वाचायला तुला कोणाचं तोंड बघायला नको. फौजेत हे हवालदार क्लार्क होते, सांगितलेलं शब्दाला शब्द उतरवायची सवय आहे. फक्त मी 'हाय' म्हटलं तरी कागदावर 'आहे' उतरतं. तू वाचताना माझं मला परत कर.

तर मुद्दा असा की महिनाभर मला बसवत नाही. स्वयंपाकघरात गेले की गॅलरीत जावंसं वाटतं, गॅलरीत आले की पलंगाखालची बॅग काढून कपडे परत घडी करावेसे वाटतात. आत्ता एवढं सांगतानासुद्धा मी तीनदा उठले (चारदा, असं हे म्हणतात, लिहा चारदा). अंगठे तर माझे राहिलेच नाहीत. जपमाळ धरली तरी डावा अंगठा चारी दिशांना फिरतो आणि उजवा टिचक्या मारतो. शेजारच्या मनुबाईचा सासरा गेला म्हणून समाचाराला गेले होते. सगळ्या बायकांनी डोळ्याला पदर लावलेला, आणि माझ्या मांडीवर दोन्ही अंगठे चाललेले. मनुबाईच्या सुनेला वाटलं आजींना झटका आला. तिनं तांब्याभर पाणी मारलं तोंडावर. मेलेला माणूस बाजूला राहिला आणि सगळी गर्दी माझ्याभोवती.

अंगठे कशानं चळले ते तुला कळलंच असेल. रणगाडे, बनुबाई. तेच ते. यांनी सुट्टीवर येताना पोरांसाठी टीव्ही गेमचा डबा आणला होता आणि पोरं शाळेत गेली की दुपारी तू आणि मी सासूबाईंच्या घोरण्यावर कान ठेवून बसायचो. पिवळा रणगाडा माझा, हिरवा तुझा, आणि खाली विटांच्या आत बसलेला तो पक्षी. पक्षी फुटला की खेळ संपला. मी उजवीकडं, तू डावीकडं. तू शत्रू सोडून माझ्याच पाठीत गोळी घालायचीस, मग माझा रणगाडा जागच्या जागी थरथरायचा आणि वर तूच म्हणायचीस, "आक्का, मधी कशाला आलासा?" (हे विचारतात, रणगाडा चालवणारा आपल्याच माणसावर गोळी कशी घालेल? यांनी फौजेतली सगळी वर्षं रेशनचे हिशेब लिहिले, रणगाडा परेडला पाहिला. लिहा, पेन थांबवू नका.) एकविसाव्या टप्प्यापर्यंत पोचलो होतो आपण. तो कधी ओलांडला नाही. पुढच्याच आठवड्यात वाटणी झाली.

वाटणीत पंच म्हणून लालासाहेब बसले होते. जे दोन तुकड्यांत सुटतं ते दोन भावांत वाटायचं, असा त्यांचा कायदा. पाटा तुमच्याकडं ठेवला, वरवंटा आम्हाला दिला. सत्तावीस वर्षं झाली, त्या वरवंट्यानं आम्ही दाराला अडसर लावतो. आणि टीव्ही गेमचा डबा आमच्याकडं, त्यात घालायची रणगाड्यांची कॅसेट तुमच्याकडं. आम्ही डबा घेऊन साताऱ्याला आलो, तू कॅसेट घेऊन आष्ट्यात राहिलीस. कोणी कोणाकडं मागितलं नाही. लग्नात भेटलो की "जेवलीस का" आणि "व्हय" एवढ्यावर आपलं भागलं. डबा माळ्यावर होता. उंदरांनी त्याच्या वायरी खाल्ल्या, आतलं सगळं गंजलं.

आता क्रांतीचं. आमच्या जयराजची मुलगी. तू तिला पाहिलंस तेव्हा तिचे पुढचे दात पडले होते. आता एमआयडीसीत नोकरी करते. तिनं मैत्रिणीकडून एक वापरलेलं यंत्र आणलं, खेळायचंच, पण आपल्या डब्यापेक्षा वीस वर्षांनी धाकटं. मी विचारलं, यावर रणगाडे लागतील का? ती म्हणाली, कंपनी लावू देत नाही, पण जगभरात हौशी लोक आहेत, घरी बसून या यंत्रासाठी सॉफ्टवेअर लिहितात आणि फुकट वाटतात. होमब्रू म्हणतात त्याला. ते घातलं की नवं यंत्र जुन्या डब्याचं सोंग घेतं, आणि आतल्या खेळाला वाटतं आपण जुन्याच घरात आहोत. मी म्हटलं, कंपनी रागावेल ना? तर म्हणाली, "आजी, यंत्र आपण विकत घेतलंय. पाटा विकणारा येऊन सांगतो का, की याच्यावर फक्त चटणीच वाटायची?" पटलं मला. (पाट्याचं नाव काढलं तसे हे खिडकीतून बाहेर बघायला लागले. या इकडं. लिहा.)

पण ते घालताना अकरा मिनिटं वीज जाता कामा नये, गेली तर यंत्राची वीट होते, असं तिनं बजावलं. वीट म्हणजे मेलं, दारात ठेवा. मग मी कंबर कसली. फ्रिज बंद, पंखे बंद. मनुबाईचा मिक्सर बंद, तो लागला की आमचे दिवे मंद होतात. खालच्या इस्त्रीवाल्याला चहा दिला आणि समोर बसवून ठेवला. क्रांती पडद्याकडं बघते, मी घड्याळाकडं. आठ मिनिटं झाली, नऊ झाली. दहाव्याला हे आले आणि पाण्याची मोटर लावली. ठप्प! फ्यूज उडाला, पडदा काळा झाला. क्रांतीनं कपाळाला हात लावला. हे म्हणतात, "नळाला पाणी आलं होतं." (आताही तेच म्हणतात. लिहा, की पाणी आलं होतं. तीन बादल्या भरल्या आणि पोरीच्या यंत्राची वीट केली.)

चार दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. या घराला त्याची सवय आहे. क्रांती परदेशातल्या कुणाकुणाला लिहून विचारत होती. शेवटी एकानं कळवलं, अमुक दोन बटणं एकदम दाबून धर आणि तिसरं दाबून हळूच सोड. तसं केलं आणि पडदा उजळला. मी म्हटलं, त्या माणसाला कंदी पेढे पाठव. तर म्हणे त्याचं नाव-गाव कुणालाच माहीत नाही, चित्रात तो बेडूक आहे. आता बेडकाला पेढे कुठल्या पत्त्यावर पाठवू? देवापुढं ठेवले आणि यांनी खाल्ले.

तर यंत्र झालं तयार, जुन्या डब्याचं सोंगही घेतं. पण खेळ कुठला घालायचा? नेटवर मिळतो म्हणतात, पण तो चोरीचा, आणि चोरीचा माल या घरात येणार नाही, असं यांनी फर्मान काढलं. क्रांतीचंही तेच, आपल्या कॅसेटीतून आपण काढून घ्यावा, त्यासाठी तिच्याकडं छोटं यंत्र आहे. तोवर तिनं हौशी लोकांनीच लिहिलेले फुकटचे दोन खेळ लावून दिले. एकात फळं गोळा करायची, एकात साप. फळं गोळा करून करून मी कंटाळले. तिथं कोणी पाठीत गोळी घालत नाही.

असो. मागायचं काही नाही, सहज आठवलं म्हणून लिहिलं. भावजींना नमस्कार सांग. (यांच्याकडून काय लिहू, असं मी विचारलं. हे म्हणाले, "कागद संपत आला.")

तुझी आक्का,
सुलाबाई

ता. क. घरात पसारा आवरताना ती पिवळी कॅसेट सापडली तर बाजूला ठेव. तुला तिचा उपयोग नाही. पोरीचं मन राहील, एवढंच.

ता. क. २. कुरिअरनं पाठवू नको. मागे कुरिअरनं मागवलेली लोणच्याची बरणी इथं चमच्यानं गोळा करावी लागली. हातीच आण. सकाळची सातारा गाडी आष्ट्यातनंच जाते. आणि पाच तारखेच्या आत ये, कारण पाचला क्रांती पुण्याच्या नव्या नोकरीवर चालली, यंत्रही तिच्याबरोबर जाणार. त्यानंतर आलीस तर मी आणि वरवंटा एवढेच भेटू.

ता. क. ३. धाकटी आजी, हे मी क्रांती लिहिते आहे, अक्षराला माफ करा. आजोबा माजी सैनिकांच्या बैठकीला गेलेत आणि आजी म्हणते ते येईपर्यंत पुढचं उतरव. ती सांगते तसंच लिहिते:

बनुबाई, ती कॅसेट हातात घे आणि हलव. काही वाजणार नाही. आता शिवणयंत्राच्या पेचकसानं तिचा स्क्रू काढ. आत खेळ नाही. चिंधीत गुंडाळलेले चार चिंचोके आहेत. वाटणी झाल्यावर, साताऱ्याला निघायच्या आदल्या दुपारी मी आतली खेळाची हिरवी पट्टी काढून घेतली आणि हलकी लागू नये म्हणून चिंचोके भरले. पट्टी सत्तावीस वर्षं माझ्या शिवणयंत्राच्या खणात बॉबिनांखाली आहे. आता विचारशील, आक्का, का? अगं, डबा काय, भावजींनी सांगलीहून दुसरा दोन तासांत आणला असता. मग तू कॅसेट लावशील, ती चालणार नाही, तू उघडशील, आणि तरातरा साताऱ्याला भांडायला येशील, असा माझा हिशेब होता. मी तर भांडणात काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. तू आलीच नाहीस. डबा आणलाच नाहीस, का आणलास आणि चिंचोके बघून गप्प बसलीस, हा किडा माझ्या डोक्यात तेव्हापासून वळवळतो आहे. ते आधी सांग.

पट्टी क्रांतीला दिली. तिनं खोडरबरानं घासली आणि खेळ यंत्रात घेतला. हे बाहेर गेले की मी खेळते. फळांचं आणि सापाचं वर लिहिलं ते यांच्यासाठी. क्रांती म्हणते मध्येच जागा राखून ठेवता येते, मेलं की तिथूनच परत सुरू. मी दोनदाच राखली (चौदा वेळा. – क्रांती). पण एकविसाव्यापुढं जात नाही गं. मी उजवीकडं लढते आणि डावीकडून येऊन पक्षी फोडतात. तिथं तू असायचीस. दुसरा रिमोट क्रांतीनं जोडून ठेवलाय, मी रोज पुसते. कॅसेट नाही आणलीस तरी चालेल. चिंचोके घेऊन ये, आणि भांडण.

ता. क. ४. बनुबाईंना नाथाजीचा नमस्कार. पाकिटाला डिंक लावायला माझ्याकडं दिलं, तेव्हा वाचलं. तुमच्या जाऊबाईंना हे वाचता येत नाही, तुम्हीही वाचून दाखवू नका. चिंचोके चार नाहीत, पाच आहेत. ती पेचकस घेऊन बसली होती तेव्हा मी दारात उभा होतो. बोललो नाही, कारण ज्योतिबा भांडायला येईल असं मलाही वाटलं होतं. वाटणीच्या दिवशी तो म्हणत होता, बायकांचा खेळ तोडू नका, डबा-कॅसेट एकत्र राहू दे. नको मी म्हणालो. ते त्याला आठवत असेलच. मलाही आठवतं, एवढं सांगा. त्याला बरोबर आणा, मी स्टँडवर थांबतो. जाताना तुम्हाला आष्ट्यापर्यंत सोडायला येईन, वरवंटा तुमच्यानं उचलायचा नाही.