चिमणीचा चष्मा

प्रिय आई,

हे पत्र तुला तुमच्या संस्थेच्या कार्यवाह बाई स्वतः आणून देतील. पाकीट चिकटवूनच देणार आहे, पण त्यांनी उघडून वाचलं तरी माझी हरकत नाही. शुद्धलेखन मी दोनदा तपासलंय. आठवीतून शाळा सोडलेल्या मुलाचं पत्र म्हणून कुणी गालात हसू नये, एवढीच इच्छा. तुझी रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? पांढरी सकाळची, गुलाबी रात्रीची. तू नेहमी उलट करतेस.

मी बरा आहे. दुकान बरं चाललंय. मालकांनी आता चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र पूर्ण माझ्या हाती दिलंय, स्वतः बाहेर गिऱ्हाइकांशी गप्पा मारत बसतात. घरी तुझी खोली रंगवून झाली. फिकट पिवळा घेतला, तुला निळा थंड वाटतो म्हणून. पलंग खिडकीजवळ सरकवलाय आणि दिवा डोक्याशी लावलाय, म्हणजे वाचताना उठावं लागणार नाही. मागच्या फोनवर मी हे सगळं सांगत होतो तेव्हा तू "हं, हं" करत होतीस. तुझ्या "हं"चे प्रकार मला पाठ आहेत. दोन वर्षांसाठी जाते, मग घरीच, असं तू म्हणाली होतीस. दोन वर्षं होत आली, आणि तुझा "हं" दिवसेंदिवस आखूड होत चाललाय.

मला राग आलेला नाही. म्हणजे आला आहे, पण त्याचं खरं नाव राग नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुझ्या आईने नाव काढलं हो." मी म्हटलं, हो ना. मग घरात येऊन तुमच्या संस्थेच्या परिषदेचा तो फोटो भिंतीवरून उतरवला आणि दुसऱ्या दिवशी परत लावला, कारण खिळा रिकामा बरा दिसेना. त्या फोटोत वेगवेगळ्या देशांतल्या बायका आहेत. कुणी डॉक्टर, कुणी न्यायाधीश, कुणी बोटी बांधणारी. आणि त्यांच्या मधोमध माझी आई, जिला पूर्वी बँकेत जायचं तरी मी बरोबर लागायचो. विमानात बसून गेलीस, माइकवर बोललीस. काय बोललीस ते मला कार्यवाह बाईंकडून कळलं. "आम्ही त्यांच्यावर दया करत नाही, त्यांचा हक्क त्यांना देतो." टाळ्या थांबेनात म्हणे. मी विचारलं तर तू म्हणालीस, अरे, काही नाही, चार शब्द बोलले.

इथल्या शाखेच्या वर्धापनदिनाला तू मला घेऊन गेलीस तेही आठवतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसलो होतो. अध्यक्ष बाई सांगत होत्या की संस्था किती जुनी, किती देशांत तिची निवारागृहं, मारझोडीतून सुटून आलेल्या किती बायकांना आणि मुलांना तिथे आसरा मिळाला. सगळे कौतुकाने ऐकत होते. मी मात्र मनात वर्षं मोजत होतो. म्हणजे आपल्या त्या वर्षांत ही संस्था होती. या शहरात होती. चार बस थांब्यांवर असेल. तू तुटलेल्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून स्वयंपाक करायचीस आणि मी तो दोरा आणखी घट्ट कसा बसेल ते बघायचो. तेव्हा या टाळ्या वाजवणाऱ्या बायका कुठे होत्या? मी चष्म्यांच्या दुकानात का लागलो, असं मालक कधीतरी विचारतात. मी सांगतो, जवळ होतं म्हणून.

बाबा गेल्यावर मला वाटलं होतं, आता तू आणि मी. मला वाटलं होतं आता तू निवांत बसशील, मी कमवेन, संध्याकाळी आपण दोघं जिन्यावर चहा पिऊ. आणि तू वर्षाच्या आत संस्थेच्या निवारागृहाची गृहमाता होऊन निघून गेलीस. तिथे बारा वर्षांखालची मुलं आईबरोबर राहू शकतात. मोठ्या पुरुषाला फाटकाच्या आत पाऊल नाही, मग तो कुणी का असेना. नियम बरोबर आहे. मी नियम पाळणारा माणूस आहे, तुला माहीत आहे. पण रात्री जेवताना मनात येतंच की त्या पोरांना तू आता वाढत असशील, आणि मी त्यांच्या वयाचा होतो तेव्हा असं फाटक आपल्यासाठी कुणीच उघडलं नाही. लहान पोरांचा हेवा करणं या वयात शोभत नाही. तरी करतो.

फाटकाचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. तुझ्या गोळ्या घरी राहिल्या होत्या. तुमचं ते घर कुठे आहे ते तू कधी सांगितलं नाहीस, पण तुझ्या पिशवीत बसचं तिकीट होतं, आणि फोनवर मागून लाकूड कापायच्या करवतीचा आवाज यायचा. शोधायला मला एक दुपार लागली. मला वाटलं, गोळ्या बघून तुला बरं वाटेल. फाटकातली झडप उघडली आणि मला तुझे डोळे दिसले, मी बसवलेल्या काचांमागचे. मी "आई" म्हणालो. तू म्हणालीस, "इथे असं कुणी राहत नाही." आणि झडप लावून घेतलीस.

नंतर फोनवर तू समजावलंस. गल्लीत कोण उभं असेल सांगता येत नाही, एका मुलासाठी फाटक उघडलं तर ते घर सगळ्यांना कळलं, आतल्या प्रत्येकीचा जीव त्या एका झडपेवर आहे. सगळं पटलं. डोक्याला पटलं. पण परत येताना बसमध्ये मी त्या गोळ्यांची पट्टी हातात धरून बसलो होतो आणि मला उतरायचा थांबा कळला नाही, एवढंच सांगतो.

आणि मग तू मला चष्मे आणून द्यायला लागलीस. सुट्टीला घरी यायचीस तेव्हा पिशवीत रुमालात गुंडाळलेले. काडी मोडलेली, काच तडकलेली. त्या घरात येणाऱ्या बायकांचे चष्मे क्वचितच धड असतात, असं तू म्हणाली होतीस. नावं बाहेर काढायची नाहीत म्हणून तू त्यांना पाखरांची नावं दिली होतीस. हा साळुंकीचा, हा मैनेचा, ही पारव्याची काडी. खरं तर दुरुस्तीची कामं दुसऱ्या गावच्या दुकानात पाठवायची असा तुमच्याकडे नियम आहे, हे मला नंतर कळलं. तू तो मोडलास. माझ्यासाठी मोडलास, हेही मला कळलं. फाटकाबाहेर राहिलेल्या मुलाला आतलं काहीतरी हातात द्यावं म्हणून. मी ते चष्मे दुकान बंद झाल्यावर करायचो आणि प्रत्येकीची नाकावरची गादी नवी बसवायचो. साळुंकी मान वाकडी करून बघते हे मला तिच्या चष्म्यावरून कळायचं. मी तुझ्या सगळ्या पाखरांना ओळखायला लागलो होतो.

फक्त चिमणी मला आवडायची नाही. तिचा चष्मा दुरुस्तीला आलाच नाही, तिच्याजवळ चष्मा नव्हताच. तू तिचा नंबर तपासून आणलास आणि म्हणालीस, नवा कर. इतकं वाकडं प्रकरण मी आधी पाहिलं नव्हतं. उजव्या डोळ्याला जाड भिंग, डाव्याला त्याच्या दुप्पट, दोन्ही काचा तिरक्या बसवायच्या. घाऊक दुकानातून काच खास मागवावी लागली. आणि तू तिच्याबद्दल थांबेचनास. चिमणी शिकतेय, चिमणीला रात्री झोप लागत नाही म्हणून मी तिच्या उशाशी बसते, चिमणीने पहिल्यांदा स्वतःची सही केली, चिमणी मला आई म्हणते. बाकीच्या माई म्हणतात, ही आई म्हणते. मी म्हटलं, म्हणू दे की. आणि तिचा चष्मा सगळ्यांत शेवटी केला. वाईट केला नाही, तेवढं माझ्या हातून होत नाही. चांगलाच केला. पण शेवटी केला.

आता काल काय झालं ते सांगतो. दुपारी दुकानात मी एकटाच होतो. एक माणूस आला. माझ्याहून थोडा मोठा, केस नीट विंचरलेले, बोलणं अगदी मऊ. मला दादा म्हणाला. पाणी मागितलं, प्यायला, पेला धुऊन ठेवला. मग खिशातून रुमाल काढून उलगडला. त्यात एक तुटका चष्मा होता. म्हणाला, बायको रागावून घर सोडून गेलीय, चष्मा न घेताच गेलीय. चष्म्याशिवाय तिला हातभरावरचं माणूस ओळखू येत नाही, म्हणजे कुठेतरी नवा केलाच असणार. नंबर असा आहे की करणारा विसरणार नाही. म्हणून तो एकेक दुकान पालथं घालत होता.

मी सवयीने चष्मा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. धरायची गरज नव्हती. उजवा जाड, डावा दुप्पट.

आई, पुढचं लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. तो बोलत होता. घर खायला उठतं म्हणाला. तिच्या हातचा चहा आठवतो म्हणाला. तिला कुणीतरी भडकवलंय, बायकांची कसली तरी संस्था आहे, ती लोकांच्या घरातली माणसं काढून नेते. त्याचे डोळे भरून आले. आणि मला त्याचं सगळं समजत होतं. शब्द न् शब्द. मला वाटलं, आम्ही दोघं एकाच बंद फाटकाबाहेर उभे आहोत. ती परत गेली तर तिच्या उशाशी बसायला नको, मग तुझं तिथे एक काम कमी होईल, असंही वाटून गेलं. मला गल्ली माहीत होती, करवतीचा आवाज माहीत होता. एक वाक्य पुरलं असतं.

मग मी चष्मा त्याला परत द्यायला उचलला आणि अंगठा नाकपट्टीवर पडला. दोन्ही गाद्या आत दबलेल्या होत्या, मधली दांडी आत वाकलेली. मी विचारलं, कसा तुटला? तो म्हणाला, "हातातून पडला हो तिच्या, बावळट आहे." पडलेल्या चष्म्याची काडी मोडते, काच तडकते. गाद्या आत दबत नाहीत. त्यासाठी मागे नाक असावं लागतं. मी लहानपणी असे चष्मे हाताळले आहेत.

मी सांगितलं, असा नंबर आमच्याकडे आलेला नाही. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग तसाच मऊ हसला, आभार मानले आणि म्हणाला, ठीक आहे, या काचा घाऊकवाल्याकडूनच येतात ना, त्यालाच विचारतो. तो विचारेल. घाऊकवाला आमच्या दुकानाचं नाव सांगेल, त्यात त्याची चूक काही नाही. आणि मग हा माणूस पुन्हा मऊ बोलायला येणार नाही. तो दुकानासमोर उभा राहील, आपल्या घरासमोर उभा राहील आणि तू सुट्टी संपवून निघालीस की तुझ्या मागोमाग बसमध्ये चढेल.

म्हणून तो कोपऱ्यावरून वळताच मी संस्थेला फोन लावला. कार्यवाह बाईंनी एकदाही माझं बोलणं मध्ये तोडलं नाही. आज सकाळी त्यांनी बोलावून घेतलं. घर दुसरीकडे हलणार, तूही त्या बायकांबरोबर जाणार, सुट्टीला इकडे यायचं नाही, चष्मेही नाहीत आणि काही काळ फोनही नाही. हे सगळं तुला त्या सांगतीलच. पण एक गोष्ट तुला माझ्याकडून कळावी म्हणून हे पत्र लिहायला बसलो. बाई म्हणाल्या, गृहमातेच्या जवळच्या एका नातेवाइकाला नवा पत्ता सांगायची मुभा आहे, तुझं नाव लिहू ना? मी नको म्हणालो. मी रागाने नको म्हणालो, असं समजू नकोस. मला अजूनही चिमणीचा हेवा वाटतो, आई. हे लिहितानाही वाटतोय. काल मी गप्प राहिलो, पण उद्या आणखी कुणी येईल, रडेल, मला दादा म्हणेल, आणि त्या दिवशी मी कसा असेन याची मला खात्री देता येत नाही. जे मला माहीतच नाही ते माझ्या तोंडून जाणार नाही. खोलीचं मी बघतो, तू दोन वर्षांचं मनावर घेऊ नकोस. तिच्या उशाशी बस.

तुझाच,
बाबू